अंदमानची सहल कंपनीनं रद्द केली, त्यानंतर पैसे परत मिळेपर्यंत

सहल आपण रद्द करणं आणि कंपनीनं रद्द करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचताना हे उघड वाटतं. पण फोनवर समोरचा माणूस गोड आवाजात ‘कॅन्सलेशन चार्जेस’ सांगायला लागला की भलेभले गोंधळतात. आमच्या बाबतीत सगळा वाद याच एका मुद्द्यावर झाला, म्हणून तो आधी सांगितला. कंपनीचं नाव देणार नाही. प्रकरण तडजोडीनं मिटलं आहे, आणि मला सांगायची आहे ती पद्धत.

आम्ही कराडला राहतो. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकरांना १९११ मध्ये अंदमानात नेलं, तिथपासूनचं सगळं त्यांना तोंडपाठ. वय ७६, गुडघे अजून साथ देतायत, तर याच हिवाळ्यात जाऊन येऊ असं ठरलं. पुण्याच्या एका सहल कंपनीची १५ डिसेंबर २०२४ ची ग्रुप टूर निवडली. अण्णा, आई, माझा नवरा आणि मी. माणशी ५२,००० रुपये विमानासह, त्यावर ५ टक्के जीएसटी, मिळून २,१८,४०० रुपये. १० ऑगस्टला बुकिंगचे ८०,००० क्रेडिट कार्डानं भरले. उरलेले १,३८,४०० सप्टेंबरअखेर एनईएफटीनं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण पैसे कोणत्या मार्गानं भरले यावर पुढे बरंच काही ठरलं.

२२ नोव्हेंबरला, विधानसभेच्या निकालाच्या आदल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर निरोप आला. ग्रुपची किमान संख्या भरली नाही, त्यामुळे १५ डिसेंबरची तारीख रद्द. पर्याय दोन: फेब्रुवारीचा ग्रुप, नाहीतर एक वर्ष मुदतीचं क्रेडिट व्हाउचर. खाली लिहिलं होतं, ‘कृपया आपला पर्याय आजच कळवा.’ पैसे परत घेण्याचा तिसरा पर्याय निरोपात नव्हताच.

आईंनी बॅगा माळ्यावरून काढून पुसून ठेवल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. फेब्रुवारीत नणंदेचं बाळंतपण होतं. आईंना तेव्हा घरातून हलणं शक्य नव्हतं. पुढच्या वर्षी अण्णांची तब्येत कशी असेल, कोण सांगणार? व्हाउचर आमच्या काही कामाचं नव्हतं.

त्या संध्याकाळी कंपनीतून फोन आला. ‘मॅडम, फेब्रुवारीत हवा आणखी छान असते. तुम्ही फक्त ओके लिहून पाठवा, सीट ब्लॉक करून ठेवतो.’ मी ओके लिहिलं नाही. तुम्हीही लिहू नका. एकदा व्हॉट्सॲपवर होकार गेला, की ग्राहकानं पर्याय स्वीकारला असं नंतर म्हणता येतं. विचार करून लेखी कळवते म्हटलं आणि बुकिंगच्या वेळी आलेल्या अटी उघडून बसले.

अटी इंग्रजीत, बारीक अक्षरात. ग्राहकानं सहल रद्द केली तर किती कापायचं त्याचा मोठा तक्ता होता: ६० दिवस आधी इतके टक्के, ३० दिवस आधी तितके. आणि बऱ्याच खाली, एका ओळीत, कंपनीनं सहल रद्द केल्यास पर्यायी तारीख किंवा ‘मिळालेली रक्कम’ परत दिली जाईल, त्यावर व्याज मिळणार नाही, असं लिहिलं होतं. कपातीचा उल्लेख नाही, मुदतीचा उल्लेख नाही. या ओळीचा स्क्रीनशॉट काढला. वेबसाइटवरच्या अटींचं पानही पीडीएफ करून ठेवलं, कारण वेबसाइट उद्या बदलू शकते.

२३ तारखेला ईमेल केला. मजकूर साधाच होता. सहल आपण रद्द केली आहे, दोन्ही पर्याय आम्हाला मान्य नाहीत, आपल्याच अटीप्रमाणे पूर्ण २,१८,४०० रुपये १५ दिवसांत ज्या खात्यांतून आले त्याच खात्यांत परत करावेत. पर्याय का नको, ते लिहिलं नाही. बाळंतपण, अण्णांचं वय, हे सांगायला गेलं की समोरचा त्या कारणावरच चर्चा सुरू करतो.

यानंतरचे दोन आठवडे फोनचे. ‘अकाउंट्सला पाठवलंय’, ‘सर मीटिंगमध्ये आहेत’, ‘सोमवारी नक्की’. फोन झाला की मी लगेच ईमेल टाकायची: आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधींनी अमुक सांगितलं, त्याची ही नोंद. उत्तर कधी आलं नाही, पण पुढे ग्राहक आयोगासमोर या ईमेल फार उपयोगी पडल्या. कंपनीनं त्यातली एकही नाकारलेली नव्हती.

५ डिसेंबरला अखेर लेखी उत्तर आलं. १,४२,००० रुपये परत मिळतील. कपात अशी: विमान तिकीट रद्दीकरण ५६,०००, जीएसटी १०,४००, प्रोसेसिंग फी १०,०००. सोबत सही करून पाठवायचा एक कागद, ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’. सही आल्यावरच पैसे.

आमच्या घरात त्या रात्री दोन मतं झाली. नवरा म्हणाला, ‘अगं, दीड लाखाच्या जवळपास मिळतायत, घेऊन टाकू. कोर्टकचेऱ्या कोण करणार?’ त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. खूप लोक इथेच थांबतात, कारण नोकरी असते, घर असतं. पण ७६,४०० रुपये कशासाठी सोडायचे, हे मला कोणी सांगू शकत नव्हतं. अण्णांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘तिकिटं काढली होती, तर दाखवा म्हणावं.’

मी नेमकं तेवढंच विचारलं. चौघांच्या नावाची तिकिटं, पीएनआर म्हणजे बुकिंगचा क्रमांक, आणि विमान कंपनीनं किती कापून किती परत दिले त्याचा कागद. विमान प्रवासाबद्दलचा डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियम असा आहे की तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची युजर डेव्हलपमेंट फी प्रवाशाला परत द्यावी लागते, आणि रद्दीकरण शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे तिकीट काढलेलं असेल तर काही ना काही परत येतंच, आणि त्याचा हिशेबही असतो. पीएनआर मला आजपर्यंत मिळालेला नाही.

आता कार्डाचं. ९ डिसेंबरला माझ्या बँकेच्या ॲपवरून ८०,००० च्या व्यवहारावर ‘डिस्प्यूट’ नोंदवला. कारण निवडताना ‘सेवा मिळाली नाही’ हे निवडायचं. ‘फसवणूक’ निवडू नका, कारण व्यवहार आपणच केलेला असतो आणि अर्ज तिथेच फेटाळला जातो. बँकेनं बुकिंगची पावती, रद्द झाल्याचा निरोप, अटींचं पान आणि पैसे मागितल्याचा ईमेल मागितला. सगळं तयार होतं. जानेवारीच्या सुरुवातीला ८०,००० तात्पुरते जमा झाले. कंपनीला उत्तर द्यायला वेळ मिळाला, आणि मार्चमध्ये ते कायम झाले. या दाव्याला मुदत असते, ती कार्डानुसार बदलते, म्हणून कंपनीच्या ‘सोमवारी नक्की’वर विसंबून थांबू नका. एनईएफटीनं गेलेल्या पैशांना मात्र असा काही मार्ग नव्हता. बँकेनं स्वच्छ सांगितलं, तुम्ही स्वतः पाठवलेली रक्कम आम्ही परत ओढू शकत नाही. हल्ली मी मोठ्या बुकिंगची जमेल तेवढी रक्कम कार्डावर टाकते आणि बिल वेळेत भरते.

त्याच आठवड्यात १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक दिला. तक्रार कंपनीकडे गेली, कंपनीनं तोच कपातीचा तक्ता पुन्हा चिकटवला, आणि जानेवारीत तक्रार बंद झाली. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती मध्ये पडून समजूत घालते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तेवढ्यानं कामं होतात असं अनेकांनी सांगितलं. आमचं नाही झालं. तरी हा फोन करावा, कारण कंपनीची बाजू तिथे लेखी नोंदली जाते.

पुढची पायरी नोटीस. इथे एक अडचण आली जी आधी कोणी सांगितली नव्हती. पावतीवर जे नाव होतं ते फक्त ब्रँडचं. नोटीस आणि तक्रार त्यामागच्या खऱ्या कंपनीच्या नावानं जावी लागते. पावतीवर जीएसटी क्रमांक होता. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकला की कायदेशीर नाव आणि व्यवसायाचा मुख्य पत्ता दिसतो, लॉगिनही लागत नाही. प्रायव्हेट लिमिटेडचं नाव अगदी वेगळंच निघालं.

वकील न लावता नोटीस स्वतः लिहिता येते, मराठीतही चालते. साताऱ्याला ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक काका ओळखीतून भेटले. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ही चळवळ सुरू केली, तेव्हापासूनचे काही जुने कार्यकर्ते अजून गावोगावी आहेत, आणि ते एक रुपया न घेता कागद बघून देतात. काकांनी माझा अडीच पानांचा मसुदा एका पानावर आणला. ‘राग काढून टाका, तारखा ठेवा,’ म्हणाले.

नोटिशीत तीन मुद्दे होते. पहिला, रद्दीकरण कंपनीचं, त्यामुळे ग्राहकासाठीचा कपातीचा तक्ता लागूच होत नाही. दुसरा, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे, त्रुटीपूर्ण सेवेचे पैसे पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिसरा जीएसटीचा. ‘तो सरकारजमा झाला, आमच्या हातात नाही’ असं कंपनी म्हणत होती. पण आगाऊ रक्कम घेतली आणि सेवा दिलीच नाही, तर जीएसटी कायद्यात रिफंड व्हाउचरची, म्हणजे आगाऊ रक्कम परत केल्याच्या कागदाची, सोय आहे. बिल झालं असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढून कंपनी तो कर आपल्या विवरणपत्रात वळता करून घेऊ शकते. ग्राहकानं न मिळालेल्या सहलीवर कर भरण्याचं कारण नाही.

२० जानेवारी २०२५ ला नोटीस रजिस्टर पोस्टानं, पोहोचपावतीसह पाठवली. खर्च शंभराच्या आत. १४ फेब्रुवारीला खात्यात ७२,४०० रुपये आले, काही न कळवता. हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं: जीएसटीची कपात मुकाट्यानं मागे घेतली होती, आणि कार्डाचे ८०,००० वजा केले होते. आता अडकले होते ६६,०००. त्याच दिवशी ईमेल केला की ही रक्कम आम्ही अंशतः, आमचे हक्क राखून स्वीकारत आहोत. हे वाक्य लिहायला विसरू नका.

नणंदेला मुलगी झाली त्या गडबडीत तीन आठवडे कशालाच हात लागला नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार दाखल करायला बसले.

ग्राहक आयोगाची तक्रार आता ई-जागृती पोर्टलवर होते. जानेवारी २०२५ पासून ते सुरू झालं, आधीचं ई-दाखिल होतं. कंपनी पुण्याची, अटींमध्ये ‘पुणे न्यायक्षेत्र’ छापलेलं, म्हणून पुण्याला खेटे घालावे लागतील या भीतीनं मी आधी खचले होते. २०१९ च्या कायद्यानं हे सोपं केलंय. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. आमच्यासाठी सातारा. सेवेसाठी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. हे वाचल्यावर नवऱ्याचाही विरोध मावळला.

कागद असे लागले: तक्रार अर्ज, तारखांची यादी, कागदयादी, बुकिंग आणि पैसे भरल्याचे पुरावे, अटी, सगळा पत्रव्यवहार, नोटीस आणि तिची पोहोच, ओळखपत्र, आणि तक्रारीच्या पुष्ट्यर्थ नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. नोटरीचे ३०० रुपये गेले. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट काढताना तारीख आणि समोरचा नंबर दिसेल असे काढा. पोर्टल मधेच अडकायचं, फाइल मोठी झाली की नाकारायचं. रात्री अकरानंतर बरं चालायचं. मागणीत मूळ ६६,०००, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असं वेगवेगळं लिहिलं. मागितलं नाही तर मिळत नाही.

छाननीत त्रुटी निघाली. पानांना क्रमांक नव्हते आणि एका प्रतीवर सही राहिली होती. दुरुस्त करून दिलं, कार्यालयानं छापील संचही मागितले, ते नेऊन दिले. तिथल्या बाईंनी कुठे सही, कुठे खूण, हे बोट ठेवून दाखवलं. सरकारी कार्यालयात आपल्याला कोणी हाकलणार नाही, एवढा धीर त्या भेटीनं आला.

एप्रिलमध्ये दाखल करून घेण्याची सुनावणी झाली. मी उभी राहिले तेव्हा हात थरथरत होते. अध्यक्षांनी दोनच प्रश्न विचारले: रद्द कोणी केली, आणि किती रक्कम बाकी. मग नोटीस काढण्याचा आदेश. जाबदेणाऱ्याला, म्हणजे कंपनीला, म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. कंपनीचे वकील जूनमध्ये आले आणि मुदतीच्या अगदी काठावर म्हणणं दिलं. त्यात विमान तिकिटांचा उल्लेख होता, तिकिटं नव्हती. पुढच्या तारखेला आयोगानं ती दाखल करायला सांगितली. त्यानंतरची तारीख पुढे गेली. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं असलं तरी तारखा लांबतात, तेवढी मनाची तयारी ठेवावी लागते.

प्रत्येक तारखेला अण्णा सोबत यायचे. कराड ते सातारा एसटी, त्यांना ७५ वर्षांवरचा मोफत प्रवास, मला महिलांचं अर्धं तिकीट. ते मागच्या बाकावर बसून इतरांची प्रकरणं ऐकायचे. पीक विम्याची, पाणी झिरपणाऱ्या फ्लॅटची, बंद पडलेल्या फ्रिजची. परतीच्या गाडीत मला समजावून सांगायचे, कोणाचे कागद कुठे कमी पडले.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या वकिलांनी बाहेर बोलावून तडजोडीचं विचारलं. आधी ४०,०००. मी नाही म्हटलं. मग आयोगानंच कलम ३७ खाली मध्यस्थीसाठी जाण्यास दोघांची संमती आहे का विचारलं. मध्यस्थांसमोर मी पुन्हा तेवढंच म्हटलं: तिकिटं दाखवा, जेवढं खरोखर बुडालं तेवढं मी सोडते. बऱ्याच वेळानं वकिलांनी फोनवर बोलून येऊन पूर्ण ६६,००० कबूल केले. व्याज आणि भरपाई मी सोडावी, ही त्यांची अट.

मी ती मान्य केली. निकालापर्यंत थांबले असते तर कदाचित व्याजही मिळालं असतं. पण वरच्या आयोगात अपील झालं असतं तर आणखी वर्षं गेली असती, आणि अण्णांनी त्या पायऱ्या किती वेळा चढायच्या? हा निर्णय ज्याचा त्याचा. व्याजासाठी लढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

तडजोडीच्या कागदावर रक्कम, तारीख आणि खातं स्पष्ट लिहून घेतलं. वकील म्हणत होते आजच तक्रार मागे घेतल्याची पुरशिस, म्हणजे तसं लेखी निवेदन, आयोगाला द्या, चेक आठवड्यात मिळेल. काकांनी आधीच बजावलं होतं: पैसे खात्यात दिसल्याशिवाय पुरशिस नाही. ८ सप्टेंबरला ६६,००० जमा झाले. पुढच्या तारखेला पुरशिस दिली, तडजोडीप्रमाणे तक्रार निकाली काढल्याचा आदेश झाला, आणि त्याची प्रत मी फाइलला लावली.

सगळा खर्च, म्हणजे पोस्ट, नोटरी, झेरॉक्स आणि एसटी मिळून, दोन हजारांच्या आत राहिला. वकिलाची फी नाही. रजा मात्र गेल्या.

अशी तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तुमची सहल, रिसॉर्टचं बुकिंग किंवा हॉलचं आरक्षण समोरच्यानं मागच्या वर्षी रद्द केलं असेल आणि व्हाउचर अजून कपाटात पडून असेल, तर आधी पावती आणि अटींचं पान शोधा. ‘कंपनीनं रद्द केल्यास’ ही ओळ बहुतेक शेवटच्या पानावर असते.